क्योतोतला दीड दिवस

महाराष्ट्रातून निघणाऱ्या जपान सहलींचा आराखडा साधारण ठरलेला असतो. तोक्यो, हाकोने आणि फुजी, मग शिंकान्सेन या वेगवान रेल्वेनं क्योतो, पुढे ओसाका आणि परतीचं विमान. यात क्योतोच्या वाट्याला दीड दिवस येतो, फार तर दोन. मी पुण्यात जपानी शिकले आणि पुढे दुभाषी म्हणून अशा मंडळींबरोबर क्योतोत फिरत आले. त्यांना जपानची परंपरा बघायची असते: चहा, किमोनो, बागा, देवळं, जमलं तर एखादी गेइशा. यादी लांब आणि वेळ तोकडा. तरीही काही माणसं या दीड दिवसातून भरभरून काही घेऊन जातात आणि काहींच्या हाती नुसते फोटो उरतात. हा फरक कशानं पडतो, ते मी जवळून पाहिलं आहे. जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते लिहून ठेवते आहे. आणि क्योतोतल्या ज्या कारागिरांनी, चहाच्या शिक्षिकांनी आपल्या लोकांना मनापासून वेळ दिला, त्यांचंही मी काही देणं लागते.

१. पाहुण्यांसाठी मांडलेलं सगळं खोटं असतं, असं धरून चालू नका

प्रत्येक गटात बरंच वाचन केलेलं कुणीतरी असतं आणि ते हटकून विचारतं, "हे सगळं टुरिस्टांसाठीच मांडलंय ना?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला मी १८७२ सालापासून सुरुवात करते.

क्योतो ७९४ पासून हजारावर वर्षं राजधानी होतं. १८६९ मध्ये सम्राट तोक्योला गेले ते कायमचे. त्यांच्यामागोमाग दरबार गेला आणि दरबारासाठी रेशीम, मिठाई, भांडी, पंखे करणाऱ्यांचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं. शहर खचलं. त्यातून सावरायला १८७२ मध्ये क्योतोनं मोठं प्रदर्शन भरवलं आणि एरवी शहरात यायला मज्जाव असलेल्या परदेशी लोकांना त्यासाठी खास परवानगी मिळाली. या पाहुण्यांना गुडघे मुडपून जमिनीवर बसता येणार नाही, म्हणून उरासेन्के या चहाच्या घराण्याचे अकरावे प्रमुख गेन्गेन्साई यांनी टेबल आणि स्टूल वापरून चहा करण्याची पद्धत बसवली. गिओन या गेइशांच्या वस्तीतल्या नर्तकींचा 'मियाको ओदोरी' हा सोहळा त्याच प्रदर्शनात सुरू झाला. त्याची नृत्यं तिसऱ्या इनोऊए याचियो यांनी बसवली होती. त्याच साली निशिजिन भागातले विणकर जॅकार्ड माग शिकायला फ्रान्समधल्या ल्यों शहरी रवाना झाले.

म्हणजे आज जे आपण 'जुनं जपान' म्हणून बघतो, त्यातल्या काही गोष्टी पाहुण्याला दार उघडतानाच घडल्या. पुढे त्या पिढ्यानपिढ्या शिकवल्या गेल्या आणि आता त्या तिथल्या माणसांच्याही झाल्या आहेत. गुडघे दुखतात म्हणून खुर्ची मागायला आमचे काका-काकू ओशाळतात. त्यांना मी सांगते, ती पद्धत निघालीच मुळी तुमच्यासारख्या पाहुण्यांसाठी. निःसंकोच मागा.

२. चहाला सकाळची पहिली वेळ द्या

सहलीच्या कार्यक्रमात चहा बहुधा दुपारी, दोन देवळांच्या मध्ये कुठेतरी कोंबलेला असतो. माणसं फुशिमी इनारी या देवस्थानाच्या पायऱ्या उतरून घामाघूम होऊन येतात आणि बसल्या बसल्या घड्याळ बघतात. चहाची पूर्ण बैठक चार तासांची असते: निखारे रचणं, जेवण, दाट चहा, मग पातळ चहा. पाहुण्यांना मिळतो तो शेवटचा पातळ चहा, पाऊण ते एक तासाचा. तोही घाईत उरकला तर काहीच हाती लागत नाही.

सकाळी जा असं म्हणण्याचं माझं कारण वेगळं आहे. क्योतोत पुढे दिवसभर जे दिसणार असतं, ते सगळं त्या छोट्याशा खोलीत एका जागी भेटतं. आत जाताना पायवाटेचे दगड आणि पाण्याचं कुंड म्हणजे बाग. कोनाड्यातली गुंडाळी म्हणजे सुलेखन. तिच्या खाली एकच फूल. हातात येतो तो वाडगा म्हणजे तिथली कुंभारी. यजमानाच्या कमरपट्ट्यात खोचलेला रेशमी रुमाल, पायाखालची तातामी चटई, छताचा बांबू, खायला त्या महिन्याच्या ऋतूचा आकार घेतलेली मिठाई. हे एकदा निवांत बघितलेला माणूस नंतर कुठल्याही देवळात शिरला की त्याला कुठे बघायचं ते कळतं. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता कार्यक्रम आखताना या एका गोष्टीवर मी अडून बसते.

खोली लहान असते म्हणून कुरकुर करू नये. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहागुरूंशी जोडली जाणारी ताइआन ही खोली दोन तातामींची आहे, म्हणजे जेमतेम सहा फूट बाय सहा फूट. क्योतोजवळच्या यामाझाकीत ती आजही उभी आहे आणि राष्ट्रीय ठेवा म्हणून जपली जाते. अशा खोल्यांचं दार इतकं बुटकं असतं की वाकून, गुडघ्यांवर सरकतच आत जावं लागतं. सरदारालाही तलवार बाहेर ठेवूनच आत यावं लागे.

बसण्याआधी घड्याळ आणि अंगठ्या काढून ठेवा. वाडग्याला चरा पडू नये म्हणून. मिठाई आधी संपवायची, चहा नंतर. वाडग्याची दर्शनी बाजू यजमान तुमच्याकडे करून ठेवतो, तुम्ही ती थोडी फिरवून मगच पिता, म्हणजे त्या बाजूला ओठ लागत नाहीत. एवढं आलं तरी पुरे. बाकी चुकलं तर कुणी रागावत नाही.

एकदा आमच्यात एक निवृत्त परिचारिका होत्या. यजमान बाई रुमालाची घडी घालत होत्या: एक कोपरा धरून ताणला, दुमडला, पुन्हा दुमडला, मग त्या घडीनं चहाची डबी पुसली, बांबूची चमची पुसली. गरम पाण्यानं वाडगा धुतला, कोरडा केला. परिचारिका मला हळूच म्हणाल्या, "हे तर आधीच लख्ख आहे." मी ते जपानीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "हो, पण तुमच्यासमोर अजून पुसलेलं नव्हतं." परिचारिकांनी मान डोलावली. सुई टोचण्याआधी पेशंटला दिसेल असं पाकीट फोडायचं, हे त्यांनी नोकरीभर केलं होतं. त्यानंतर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. त्या बाईंचे हात बघत राहिल्या.

आरक्षण करताना एकच विचारा: एका वेळी किती माणसं? पाच-सहा असतील तर जा. चाळीस असतील तर तो पैसा दुसरीकडे वापरा.

३. किमोनो घालायचा तर बसण्यासाठी घाला

भाड्यानं किमोनो घेऊन फिरण्यात गैर काही नाही. तिथल्या लोकांना राग येतो का, असं अनेकजणी काळजीनं विचारतात. मला तरी दुकानात कधी नाराजी दिसली नाही. घालून देणाऱ्या आजी कमरेच्या दोऱ्या आवळताना फार आपुलकीनं बोलतात. डावा पदर उजव्यावर, हे मात्र त्या पुन्हा पुन्हा बजावतात, कारण उलट बाजूनं फक्त मृतांना नेसवतात. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात रेशमाचा हट्ट धरू नका, युकाता हा साधा सुती किमोनो घ्या.

पण किमोनो घालून चढणीच्या गल्लीत तासभर फोटो काढले आणि परत केला, तर तो वेश कळत नाही. तो घालून चहाला जा. बाही सावरून वाडगा उचलताना, पाठ आपोआप ताठ राहताना, पावलं लहान पडताना तो कशासाठी तसा शिवलाय ते अंगाला समजतं.

आणि गिओनबद्दल स्पष्ट बोलायला हवं. संध्याकाळी तिथल्या गल्लीतून लगबगीनं जाणारी माइको ही नृत्य-गायन शिकणारी मुलगी असते आणि ती कामावर निघालेली असते. तिच्या पुढ्यात जाऊन मोबाइल धरणं, बाही ओढणं असले प्रकार इतके वाढले की २०१९ मध्ये तिथल्या रहिवाशांनी खासगी गल्ल्यांत फोटोबंदी केली आणि दहा हजार येन दंडाचे फलक लावले. २०२४ मध्ये काही खासगी गल्ल्यांत पर्यटकांना शिरायलाच मनाई झाली. आपल्या गटातला कुणी असं करत असेल तर मोठ्यांनी त्याला तिथल्या तिथे अडवावं. माइकोंचं नृत्य खरंच बघायचं असेल तर एप्रिलमध्ये 'मियाको ओदोरी' असतो, मे महिन्यात पोन्तोचो भागाचा 'कामोगावा ओदोरी' असतो. तिकीट काढून हवं तेवढं डोळे भरून बघा.

४. 'दाशी कशाची?' हा प्रश्न पाठ करा

आपल्याकडच्या शाकाहारी मंडळींची फसगत मासे दिसत असतात तिथे होत नाही. दिसत नाहीत तिथे होते. भाजी, नूडल्स, सूप, अगदी अंबाडीसारखी दिसणारी निरागस हिरवी पालेभाजी, सगळ्यांखाली बहुधा दाशी, म्हणजे मूळ रस्सा, असते, आणि ती वाळवून धुरावलेल्या बोनितो माशाच्या किसाची असते. साध्या पाण्यात शिजवलेला तोफूसुद्धा ज्या सॉसमध्ये बुडवून खायचा, त्यात ती असू शकते.

म्हणून लोक डब्यातले ठेपले काढतात. समजू शकते. पण क्योतोत एक जेवण असं आहे की त्यासाठी ठेपले बाजूला ठेवावेत: बौद्ध मठांचं शोजिन र्योरी. यात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, आणि दाशी होते कोंबु या समुद्री वनस्पतीची आणि वाळवलेल्या शिताके अळंबीची. आराशियामातल्या तेन्र्यूजी मठाच्या आवारात 'शिगेत्सु' हे अशा जेवणाचं ठिकाण आहे. लाल ताटात लहान लहान वाट्या येतात: तिळाचा घट्ट, थरथरणारा गोमादोफु, सोयाच्या दुधावरची साय काढून केलेलं युबा, वाफवलेलं वांगं, लोणचं, भात. चवी सौम्य असतात. पहिल्या दोन घासांना आपल्या जिभेला काहीच लागत नाही, चौथ्या-पाचव्या घासाला एकेक चव वेगळी कळू लागते. तोवर तिखटाची पुडी उघडू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. जैन मंडळींनी मात्र लक्षात ठेवावं की मुळा, गाजर, कमळकंद ही कंदमुळं यात भरपूर असतात; आधी कळवून विचारून घ्यावं.

५. तुमच्या कामातला एक प्रश्न सोबत न्या

सगळ्यांत जास्त मी हे शिकले. थोडक्या वेळात परक्या कलेत खोल शिरायचा एकच रस्ता मला दिसला आहे: आपल्या हाताला जे काम येतं, त्यातून विचारलेला प्रश्न.

निशिजिन हा क्योतोतला विणकरांचा भाग. पंधराव्या शतकातल्या ओनिन युद्धात पश्चिमेकडच्या फौजेची छावणी जिथे होती, तिथे युद्धानंतर विणकर येऊन वसले. इथल्या ओबी, म्हणजे किमोनोवर बांधायचे रुंद पट्टे, जगभर नावाजलेले आहेत. काही कार्यशाळांत आधी ठरवून गेलं तर हातमाग बघता येतो. एका गटात येवल्याचे पैठणी विणणारे गृहस्थ होते. मुलानं त्यांना सहलीला पाठवलं होतं. बागा, देवळं त्यांनी शांतपणे पाहिली. निशिजिनमध्ये मात्र मागासमोर जाऊन ते खालीच बसले.

तिथे त्सुझुरे पद्धतीचं विणकाम चाललं होतं. विणकर बाईंनी ताण्याखाली नक्षीचा कागद ठेवलेला. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी. आडवा धागा पूर्ण रुंदीत जातच नव्हता; जिथे लाल पाकळी, तेवढ्याच भागात लाल धागा जाऊन परत येत होता. मग त्यांनी बोटाच्या नखांनी तो धागा खाली ओढून बसवला. नखांना कानशीनं करवतीसारखे दाते पाडलेले होते. फणीचं काम त्यांची नखंच करत होती. बारीक नक्षी असली तर दिवसभराच्या बैठकीत काही सेंटिमीटरच पुढे सरकतं, असं त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला: दोन रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवता की नुसते परत फिरवता? मला तो जपानीत नीट मांडायला वेळ लागला. बाईंनी उत्तर न देता विणलेला एक तुकडा उजेडाकडे धरला. दोन रंगांच्या उभ्या सीमेवर सुईच्या टोकाएवढ्या फटी दिसल्या. "आम्ही परत फिरवतो." गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे अडकवतात. फट राहिली तर पदर वाया गेला." बाईंनी त्यावर चार प्रश्न विचारले: धागा किती जाड, रेशीम पीळ दिलेलं की बिनपिळाचं, जर कुठून येते, एका पदराला किती दिवस. मोबाइलमधला मोरांचा पदर त्यांनी मोठा करून करून बघितला. ठरलेला अर्धा तास कधीच उलटून गेला होता आणि बसमधली मंडळी खोळंबली होती. मी त्यांना तसंच बसू दिलं.

विषय कापडाचा निघाला म्हणून सांगते. जुलैतल्या गिओन उत्सवात जे उंच रथ निघतात त्यांच्या अंगावर परदेशी गालिचे टांगलेले असतात. त्यातले काही सतराव्या-अठराव्या शतकात आपल्या दख्खनमध्ये विणले गेले, असं गालिच्यांच्या अभ्यासकांनी ओळखलं आहे. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून असा माल नागासाकीला उतरत असे. रथांच्या मिरवणुका १७ आणि २४ जुलैला असतात; त्या सुमारास कुणी जाणार असेल तर ते गालिचे आवर्जून शोधावेत.

विणकर असायला हवं असं नाही. शिक्षकानं विचारावं की शिष्याला पहिल्या वर्षी काय करायला देतात. सुतारानं छताचे सांधे बघावेत. स्वयंपाक करणाऱ्या बाईनं विचारावं की बीन्सचं सारण किती वेळ घोटता. "हे किती जुनं आहे?" या प्रश्नाला तिथे माहितीपत्रक हातात मिळतं. कामाच्या प्रश्नाला माणूस उत्तर देतो.

६. वेळ नसेल तर तोजी

सोन्याचं किन्काकुजी, बांबूचं बन, कियोमिझुदेरा, फुशिमी इनारीच्या लाल कमानी: हे सगळं एका दिवसात करता येतं आणि संध्याकाळी काय कुठे पाहिलं ते आठवत नाही. एकच देऊळ जमणार असेल तर मी आपल्या लोकांना तोजीला नेते. स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर आहे, गर्दी बेताची असते. ८२३ मध्ये हे देऊळ कुकाई या भिक्षूंच्या हाती सोपवलं गेलं. त्याच्या व्याख्यानगृहात नवव्या शतकातल्या लाकडी मूर्ती मांडलेल्या आहेत. अंधाराला डोळे सरावले की एका बाजूला चार हंसांवर बसलेला ब्रह्मदेव दिसतो आणि दुसऱ्या बाजूला हत्तीवरचा इंद्र. आत फोटो काढता येत नाहीत, हे फार चांगलं आहे.

बाहेर आल्यावर गोशुइन, म्हणजे देवळाची वहीत लिहून मिळणारी शिक्क्यांची खूण, घ्या. आधी दर्शन, मग वही पुढे करायची; तीनशे ते पाचशे येन लागतात. लेखक तुमच्यासमोर शाईत ब्रश बुडवून देवतेचं नाव आणि तारीख लिहितो, वर लाल शिक्के उमटवतो. अशा शिक्क्यांत पुष्कळदा एक बीजाक्षर असतं, आणि ते सिद्धम या भारतीय लिपीतलं असतं. कुकाई ८०६ मध्ये चीनहून परतताना ही विद्या सोबत घेऊन आले. आपली देवनागरी आणि सिद्धम एकाच ब्राह्मीच्या घरच्या, त्यामुळे वळणं ओळखीची वाटतात.

महिन्याची २१ तारीख तुमच्या दीड दिवसात येत असेल तर तोजीच्या आवारात जुना बाजार भरतो. कुकाई २१ तारखेला गेले, त्या स्मरणाचा तो दिवस.

७. संध्याकाळी सेन्तो

हे थोडक्यात सांगते, कारण ऐकूनच निम्मे लोक नको म्हणतात. गल्लीतलं सार्वजनिक स्नानगृह म्हणजे सेन्तो. स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी, आत अंगावर कपडे नाहीत, आधी बसून साबणानं स्वच्छ अंघोळ आणि मगच गरम पाण्याच्या कुंडात. खर्च साधारण पाचशे येन. फुनाओका ओन्सेन हे १९२३ मधलं आहे, कोरीव लाकूडकाम आणि जुन्या रंगीत टाइल्सची शोभा बघण्यासारखी आहे. तिथे तुमच्यासाठी कुणी काही मांडलेलं नसतं. शेजारच्या आजी पाठ घासत असतात, हवापाण्याच्या गप्पा चाललेल्या असतात. ज्या बायका संकोच बाजूला ठेवून आल्या, त्यांपैकी एकीनंही नंतर पश्चात्ताप केलेला मला आठवत नाही.

८. आठवण नको, अवजार विकत घ्या

शेवटचे दोन तास खरेदीत जातात. फ्रिजवर चिकटवायच्या वस्तू आणि पंखे ढिगानं घेतले जातात. त्याऐवजी जे पाहिलं त्याचं एखादं अवजार घ्या. चहा आवडला असेल तर चासेन, म्हणजे चहा घुसळायची बांबूची रवी. नारा प्रांतातल्या ताकायामा गावात बांबूच्या एकाच पेराला चिरत चिरत ऐंशी-शंभर काड्यांची ती हातानं केली जाते. स्वस्त मिळते ती बहुधा बाहेरून आलेली असते, म्हणून दुकानात विचारून घ्या. सोबत उजीची माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड. उजी क्योतोपासून रेल्वेनं वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. खुडणीआधी तीनेक आठवडे झुडपांवर सावली धरतात, म्हणून पानाचा हिरवा रंग आणि गोडवा वाढतो. दगडी जात्यावर तासाला चाळीसेक ग्रॅमच दळून होते, तेव्हा लहान डबीची किंमत बघून दचकू नका.

घरी आल्यावर डबी फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडल्यावर महिन्याभरात संपवा. पावडर गाळणीतून चाळून घ्या, पाणी उकळतं नको, ऐंशी अंशांच्या आसपास असावं. चासेन आधी कोमट पाण्यात भिजवा म्हणजे काड्या मोडत नाहीत. साबण लावू नका, नुसत्या पाण्यात धुऊन उभं करून वाळवा.